गन धुवायला काय वापरू? आधी आतला रंग सांगा

श्रावण जवळ आला की फोनवर एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "वहिनी, रंग उडवायची गन कशाने धुता?" त्यावर माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो. "आत रंग कुठला होता?" इथे समोरचा जरा वैतागतो. त्याला एका बाटलीचं नाव हवं असतं, दुकानात जाऊन मागता येईल असं. मी नाव सांगायचं टाळते. सगळ्या रंगांना चालणारं एकच औषध मिळत असतं तर आमच्या कपाटात पाच बाटल्या कशाला उभ्या राहिल्या असत्या?

आम्ही पेणचे. घरचाच गणपतीचा कारखाना आहे. मोठी गन पोरं चालवतात, बॉडी कलर आणि पीतांबर त्यांच्याकडे. डोळ्यांची आखणी सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची. त्या ब्रशला दुसरं कुणी हात लावत नाही. छोटी गन, म्हणजे एअरब्रश, माझ्या हातात आहे. गालावरची लाली, सोंडेच्या वळ्या, पोटाची घडी, बोटांच्या मधल्या सावल्या, कानाच्या पाळीची गुलाबी कड हे सगळं त्याच्यातून येतं. गन रुसली की माझं काम थांबतं, त्यामुळे ती धुण्याचं खातंही माझ्याकडेच आलं.

ज्यांनी एअरब्रश उघडून पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. टोकाला एक बारीक नोझल असते, माझ्याकडच्या रोजच्या गनला ०.३ मिलिमीटरची. तिच्यातून स्टीलची निमुळती सुई आरपार जाते. खटका मागे ओढला की सुई मागे सरकते, फट उघडते आणि हवेच्या झोतात रंग बारीक होऊन उडतो. बॉडी पितळेची, वरून निकेल किंवा क्रोमचं पाणी चढवलेलं. मध्ये सुई जिथून जाते तिथे रंग मागे जाऊ नये म्हणून एक छोटी रिंग असते. ती स्वस्त गनमध्ये रबराची, चांगल्या गनमध्ये टेफ्लॉनची. धुण्याचं पाणी निवडताना मला एवढंच बघायचं असतं : वाळलेला रंग कशात सुटतो, आणि तेच पाणी पितळ आणि रिंग यांचं काय करतं. रंग सुटेल पण गन जाईल अशी औषधं हार्डवेअरच्या दुकानात भरपूर मिळतात.

पूर्वी हा प्रश्न इतका गुंतागुंतीचा नव्हता. अण्णांच्या तरुणपणी पावडरचे रंग सरसात कालवायचे आणि ब्रशने मारायचे. ब्रश पाण्याच्या डब्यात टाकला की झालं. मग ऑइल पेंट आले, मग प्लास्टिक पेंट आणि ॲक्रिलिक. मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मूर्तींबद्दलच्या सुधारित सूचना आल्या. त्यात पीओपीला नकार होता आणि पाण्यातले, बिनविषारी रंग वापरा असं सांगितलेलं होतं. त्यावर पुढे कोर्टात काय काय झालं तो विषय वेगळा आणि लांबलचक. पण त्यानंतर शाडूची, गेरू-हळदीच्या रंगांची मूर्ती हवी म्हणणारी गिऱ्हाइकं वाढली हे खरं. त्यामुळे एकाच आठवड्यात माझ्या गनमधून गेरू जातो, ॲक्रिलिक जातं आणि सोनेरीही जातो. तिघांचे स्वभाव तीन.

सगळ्यात सोपे म्हणजे डिंकातले किंवा सरसातले रंग. डिंक वाळला तरी पाण्यात पुन्हा विरघळतो. कोमट पाणी घ्या, गनवरच्या रंगाच्या कपात भरा, दहा मिनिटं तसंच राहू द्या, मग उडवा. दुसरं काही लागत नाही. उकळतं पाणी मात्र नको, रिंगा सैल होतात. या रंगांची अडचण धुण्यात नसते, गाळण्यात असते. गेरू कितीही खलला तरी त्यात चरचरीत कण राहतात, आणि ते कण कुठल्याच औषधात विरघळणारे नाहीत, कारण ती माती आहे. म्हणून गेरू आणि हळद मी मलमलच्या दुहेरी कापडातून गाळूनच कपात घालते. हळदीचा पिवळा डाग टेफ्लॉनच्या रिंगेवर राहतो, तो घासत बसू नका, त्याने काही बिघडत नाही.

खरी मारामारी ॲक्रिलिकशी. आणि प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांच्या गनमध्ये तेच असतं, मग ते मूर्तीवाले असोत, मॉडेल रंगवणारे असोत की हेल्मेटवर चित्रं काढणारी पोरं.

ॲक्रिलिक ओलं असेपर्यंत पाण्याचं असतं. त्यात प्लास्टिकचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते कण एकमेकांना चिकटतात आणि सलग पापुद्रा होतो. दह्याचं जसं परत दूध होत नाही तसं त्या पापुद्र्याचं परत पातळ रंगात रूपांतर होत नाही, त्यावर पाणी कितीही ओता. याचा अर्थ असा की ॲक्रिलिकवरचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं औषध म्हणजे वेळेवर मारलेलं साधं पाणी. रंग संपला की चहाला उठण्याआधी कप पाण्याने भरायचा आणि उडवायचा. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात सुईच्या टोकावर रंग वाळायला फार वेळ लागत नाही. "आत्ता येतो" म्हणून गेलेला माणूस परत येईपर्यंत गन बंद पडलेली असते. मग थिनर शोधाशोध सुरू.

पाण्याबद्दलही सांगते, कारण ते कुणी मोजतच नाही. बोअरचं पाणी जड असेल तर बादलीच्या काठावर जशी पांढरी कड धरते तशीच ती नोझलच्या आत धरते. ०.३ च्या भोकात त्या कडेने किती जागा खाल्ली ते डोळ्यांना दिसत नाही, फवाऱ्याला दिसतं. रेघ एका बाजूला ओढली जाते, मध्येच थुंकल्यासारखे ठिपके पडतात. रंगाला दोष दिला जातो आणि रंगाचा काही संबंध नसतो. मी शेवटचं धुणं बॅटरीच्या पाण्याने करते. इन्व्हर्टरमध्ये घालायला मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीच्या दुकानात किंवा पेट्रोल पंपावर कॅन मिळतो. फक्त मागताना नीट मागा, बॅटरीच्या दुकानात ॲसिडचेही कॅन तसेच मांडलेले असतात. पांढरी कड आधीच बसली असेल तर व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी मिसळून फक्त नोझल त्यात थोडा वेळ ठेवायची आणि लगेच भरपूर पाण्याने धुवायची. रात्रभर ठेवायची नाही. आम्ल पितळेतलं जस्त खातं आणि पितळ तांबूस पडायला लागतं.

साबण म्हणजे भांड्यांचा पातळ साबण, ग्लासभर पाण्यात एक-दोन थेंब. ओल्या किंवा अर्धवट ओल्या रंगासाठी एवढं पुरतं. सासूबाईंचं म्हणणं रिठ्याचं पाणी वापर, सोनार दागिने त्यातच धुतात. चालतं, मी करून पाहिलंय. रिठ्यालाही फेस असतो आणि धातूला तो मऊ आहे. पण नीट गाळलं नाही तर रिठ्याची सालंच नोझलमध्ये जातात, म्हणून मी तो फक्त सुट्या भागांना लावते. फरशीचा क्लीनर, बाथरूमचा क्लीनर हे प्रकार मात्र लांब ठेवा. त्यांत बऱ्याचदा आम्ल किंवा ब्लीच असतं आणि दोन्ही गनच्या जिवावर उठतात.

आता आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्तीवाले बोर्ड पुसायला वापरतात तेच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळतं. वाळलेल्या ॲक्रिलिकसाठी माझी पहिली पसंती याला. पण ते कसं आणि कधी वापरायचं हे कळण्यासाठी एक प्रयोग करा, मी नव्या येणाऱ्या प्रत्येक पोराला करायला लावते.

स्टीलची जुनी ताटली घ्या. तुम्ही जो रंग वापरता त्याचे चार थेंब लांब लांब टाका, बोटाने जरा पसरा आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी पहिल्यावर साधं पाणी टाका. थेंब तसाच गोल बसून राहतो, रंग ढिम्म हलत नाही. दुसऱ्यावर साबणाचं पाणी. बऱ्याच वेळाने कड किंचित उचलते आणि नखाने ओढली तर सापाच्या कातीसारखी निघते, पण विरघळत नाही. तिसऱ्यावर आयपीए. थोड्याच वेळात चकचकीतपणा जातो, पृष्ठभागावर सुरकुत्या येतात आणि कानकोरण्याच्या कापसाने फिरवलं की रंग मऊ होऊन गोळा होतो. चौथ्यावर एनसी थिनर, म्हणजे लॅकर पातळ करायचा. तो थेट आत घुसतो, रंग पातळ होऊन पसरतो, कापसाला सगळा चिकटतो. पोरं चौथा थेंब बघून खूश होतात. "वहिनी, हेच भारी!" मी म्हणते, थांब, ताटलीला रबराची रिंग नाहीये.

प्रयोगाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. आता ओल्या रंगाचा थेंब घ्या आणि त्यात आयपीएचा थेंब सोडा. काही कंपन्यांचा रंग नुसता पातळ होतो. काहींचा मात्र फाटतो, तारा सुटतात, च्युइंगमसारखा चिकट गोळा होतो. हा गोळा नोझलच्या मागे तयार झाला तर गन पूर्ण खोलण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून क्रम कधी उलटा करायचा नाही : आधी पाण्याने ओला रंग घालवायचा, कपातून स्वच्छ पाणी यायला लागलं की मगच अल्कोहोल. तुमचा रंग कुठल्या जातीचा आहे हे बाटलीवरच्या लेबलपेक्षा ताटलीवर लवकर कळतं.

रोजच्यासाठी मी आयपीए आणि बॅटरीचं पाणी निम्मं निम्मं करते, त्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब. सुईच्या टोकावर वाळलेला रंग याच मिश्रणात बुडवलेल्या मऊ ब्रशने काम चालू असताना मध्ये मध्ये पुसते. नुसतं आयपीए सुट्या भागांना, छोट्या काचेच्या बाटलीत झाकण लावून. लॉकडाऊनमधले सॅनिटायझरचे कॅन अजून काहींच्या घरात पडलेत, तेही लोक विचारतात. पाण्यासारखा पातळ सॅनिटायझर असेल तर कप पुसायला वापरा, त्यात थोडं ग्लिसरीन असतं, ते नंतर पाण्याने काढा. जेलचा असेल तर गनजवळ आणूच नका. त्याला घट्टपणा यावा म्हणून जे घातलेलं असतं तेच नोझलमध्ये अडकतं.

थिनरकडे येते. एनसी थिनर म्हणजे एकच द्रव नव्हे, टोल्यूइन, ॲसिटोन, ब्युटिल ॲसिटेट अशांचं मिश्रण, आणि प्रत्येक डब्यात प्रमाण वेगळं. लॅकर किंवा टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचे रंग मारणाऱ्यांना तो लागतोच, त्यांना मी काय सांगणार. पण ॲक्रिलिकसाठी तो रोज वापरणं म्हणजे रिंगांचा खर्च ओढवून घेणं. रबराची रिंग थिनरमध्ये फुगते, मऊ पडते. मग सुई अडकत अडकत चालते, खटका सोडला तरी पुढे येत नाही, आणि वाळल्यावर तीच रिंग आक्रसून गळायला लागते. पनवेलहून एका मुलाने त्याची गन दाखवायला आणली होती. मागून रंग गळत होता, खटका रंगाने माखलेला. मी मागची रिंग सुईने बाहेर काढली तर ती मूळ जागेपेक्षा चांगलीच मोठी झालेली, परत बसेचना. तो रोज थिनरने भरलेल्या वाटीत सगळी गन बुडवून ठेवायचा, स्वच्छ राहावी म्हणून! नवी रिंग घातली, गन सुरू झाली. ॲसिटोनचंही तसंच, नेलपेंट रिमूव्हरसुद्धा त्यात आला, आणि त्यात वर सुगंध आणि तेल घातलेलं असतं. टेफ्लॉनच्या रिंगेला यातलं काही होत नाही, पण टेफ्लॉनच्या गनमध्येही हवेच्या झडपेजवळ रबर असतंच.

माझ्याकडे थिनरची बाटली आहे. तिच्यात फक्त नोझल, नोझलची टोपी आणि सुई जाते, तीही आयपीएने हार मानल्यावर. ऑइल पेंट असेल तर थिनरच्याही आधी टर्पेंटाइन, त्याच्यात तो रंग मुळातच कालवलेला असतो.

राहिला काचेचा निळा स्प्रे. इंटरनेटवर अमेरिकेतले लोक गन काचेच्या क्लीनरने धुताना दिसतात, ते बघून इथले बरेच जण करतात. काम होतं यात शंका नाही, कारण त्यांच्याकडच्या जुन्या प्रकारांत अमोनिया असतो आणि अमोनियाने वाळलेलं ॲक्रिलिक मऊ पडतं. प्रश्न पितळेचा आहे. गन नवी असताना वरचं निकेल-क्रोमचं पाणी शाबूत असतं, अमोनिया आत पोचत नाही. वर्षभर बोटं लागून, कापडाने पुसून कपाच्या आत आणि आट्यांवर ते झिजतं आणि पिवळं पितळ उघडं पडतं. तांब्याच्या कुठल्याही मिश्रधातूला अमोनिया लागतो, पितळेला तर फारच.

याची एक जुनी गोष्ट आपल्याच मुलखातली आहे आणि मला ती फार आवडते. इंग्रजांच्या काळात इथल्या लष्कराचा दारूगोळा पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवायचे. पावसाळा संपून काडतुसं काढली की त्यांच्या पितळी नळकांड्यांना चिरा गेलेल्या दिसायच्या, मुख्यतः जिथे गोळीभोवती पितळ आवळलेलं असतं तिथे. पावसाळ्यात व्हायचं म्हणून इंग्रजीत त्या चिरांना ऋतूवरूनच नाव पडलं. १९२१ मध्ये त्याचा नीट उलगडा झाला : घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि घडवताना पितळेत राहिलेला ताण, दोन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. आता एअरब्रशमध्ये आवळलेली पितळ कुठे असते? नोझलच्या आट्यांवर. पान्याने जोरात पिळलेली नोझल बघता बघता आट्यांपाशी तुटते आणि तुकडा आतच राहतो, हे गन वापरणाऱ्या कुणालाही सांगायला नको. प्रत्येक तुटलेली नोझल अमोनियानेच तुटली असं मी म्हणत नाही, पिळून तुटतात त्या जास्त. पण आवळलेल्या पितळेवर मुद्दाम अमोनिया कशाला ओतायचा? वापरायचाच असेल तर बाटलीवर अमोनियाविरहित लिहिलंय का ते वाचा, आणि वापरल्यावर लगेच पाणी मारा, भिजत ठेवू नका. ब्लीचबरोबर तर तो कधीच एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू होतो.

मग एअरब्रशसाठी म्हणून खास विकतात त्या तयार बाटल्या घ्याव्यात का? चांगल्या असतात. रंगाच्या कंपनीचाच क्लीनर त्या कंपनीच्या रंगाला फाडत नाही, हा त्यांचा खरा फायदा. रविवारी बसून छोटी विमानं, रणगाडे रंगवणाऱ्याने खुशाल घ्यावी, त्याला बाटली वर्षभर पुरेल आणि डोक्याला ताप नाही. आमच्यासारख्यांना, जिथे गन सकाळपासून रात्रीपर्यंत चालते, ते परवडत नाही. त्या चिमुकल्या बाटलीच्या पैशात आयपीएचा कॅन येतो. आणि एक बारीक तक्रार : यातल्या काही बाटल्यांवर आत काय आहे ते धड लिहिलेलंच नसतं. मी जे फवारणार आणि नाकाने ओढणार ते काय आहे हे मला कळायला नको?

नाकाचं निघालंच आहे तर. गन धुताना आपण ते औषध हवेत उडवतो, भांडं धुण्यासारखं नाही ते. रंग मारताना मास्क लावणारे लोक धुताना मास्क काढून ठेवतात. खरं तर धुताना तो जास्तच हवा. आयपीए किंवा थिनर उडवायचा असेल तर कापडी मास्कचा काही उपयोग नाही, कोळशाच्या कार्ट्रिजवाला लागतो, आणि शेडची दोन्ही दारं उघडी. मी झाकणाला भोक पाडलेली काचेची बरणी वापरते, आत ओला कपडा, गनचं तोंड त्यात घालून उडवायचं. दुसरं म्हणजे आग. आयपीएचा फ्लॅश पॉइंट साधारण १२ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने त्याची वाफ पेट घेऊ शकते. गणपतीच्या कारखान्यात सकाळी अगरबत्ती लागतेच, ती थांबवा असं मी कशाला सांगू. आमच्याकडे देव्हारा एका टोकाला आणि धुण्याचं टेबल दुसऱ्या टोकाला, दाराशी. कॉम्प्रेसरही त्या टेबलापासून लांब, त्याच्या स्विचमध्ये ठिणगी पडते.

अल्ट्रासॉनिक मशीनबद्दल विचारणारे वाढलेत, चष्म्याच्या दुकानात असतं तसलं छोटं. नोझलसाठी उत्तम, कोपऱ्यातला रंग हलवून काढतं. त्यात बॅटरीचं पाणी आणि साबणाचा थेंब एवढंच घाला. थिनर किंवा आयपीए टाकीत ओतू नका, मशीन गरम होतं. आणि सगळी गन अख्खी बुडवू नका, खालच्या झडपेतलं ग्रीस निघून जातं.

खोलताना हात कसा चालवायचा हे सांगून सगळ्यांना माहीत असलेलं परत सांगत नाही. दोनच गोष्टी. सुई पुसताना मागून टोकाकडे पुसा, टोकाकडून मागे नाही, नाहीतर टोक वाकतं आणि तुमच्या बोटातही घुसतं. आणि कपाच्या खालच्या गल्लीसाठी मेडिकलमध्ये मिळणारा दातांच्या फटीतला बारीक ब्रश घ्या, गनबरोबर येणाऱ्या तारेच्या ब्रशपेक्षा शंभर पटींनी बरा. धुतलेलं पाणी मोरीत ओतू नका. आम्ही एका बादलीत साठवतो, रंग खाली बसतो, वरचं पाणी उडून जातं आणि तळाचा पापुद्रा कोरड्या कचऱ्यात. थिनरचा डबा वेगळा, झाकण घट्ट.

शेवटी सोनेरी. यावर माझ्याकडेही पूर्ण उत्तर नाही, फक्त पद्धत आहे. औषध विरघळवतं ते रंगातलं बांधणारं द्रव्य, रंगाचे कण नव्हे. बाकीच्या रंगांत कण इतके बारीक की द्रव्य सुटलं की तेही वाहून जातात. सोनेरीत चकत्या असतात, अभ्रकाच्या किंवा तांबं-जस्ताच्या, आणि त्या नोझलच्या मागे एकावर एक चपट्या बसतात. वार्निशातला सोनेरी टर्पेंटाइनने सुटतो, पाण्यातला पाण्याने, पण चकत्या तिथेच. तांब्याच्या चकत्या असतील आणि अमोनियाचं काही वापरलंत तर त्या वर हिरवट पडतात, आणि पुढच्या मूर्तीच्या गालावर तो हिरवा ठिपका उमटतो. म्हणून सोनेरीसाठी वेगळी गन, ०.५ ची नोझल, मारण्याआधी रंग नायलॉनच्या मोज्यातून गाळून, आणि मारून झाल्यावर कितीही उशीर झालेला असो, पूर्ण खोलून, प्रत्येक भाग वेगळा पाण्यात हलवून. दागिन्यांचं काम चालू असतं त्या आठवड्यात ही गन रात्री माझ्या टेबलावर सुट्या तुकड्यांत पडलेली असते. शेजारच्या कारखान्यातून कुणी ना कुणी येतंच, "वहिनी, एक दिवस द्या ना." बाकी काही मागा. ती गन मिळणार नाही.